बारावा शर्ट

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. सेलिनाआत्याने हे मला स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, आणि थापा मारणाऱ्यांतली ती नव्हेच.

१९१९ सालच्या नोव्हेंबरातला सोमवार. आमचं पॅडिहम, इंग्लंडातलं कापडगिरण्यांचं गाव. दुपारचे तीन वाजले होते, पण धुक्यामुळे घरात दिवा लागलेला.

आत्या फुटबॉल क्लबचे शर्ट धुवायची. तिचा नवरा ईनॉक त्याच क्लबात पगारी खेळाडू होता. खेळणं हीच त्याची नोकरी. मग तो फ्रान्सला लढाईवर गेला, आणि १६ साली सरकारी कागद आला...

‘बेपत्ता.’

धड मेला नाही, धड जिवंत नाही. तीन वर्षं आत्याचा जीव टांगणीला.

त्या सोमवारी क्लबचे म्हातारे जेबेझकाका टोपली घेऊन आले.

“घे बाई, अकरा चिखलाचे गोळे. बारावा कोराच आहे, धुऊ नकोस.”

आयत्या वेळी लागला तर म्हणून एक शर्ट जादा असायचा. कोणीच घातलेला नव्हता.

आत्याने सहज घडी उलगडली...

शर्ट ओला होता.

डाव्या कोपरावर चिखल. ईनॉक नेहमी डाव्या कोपरावरच पडायचा.

आणि चिखल पांढरा होता. खडूसारखा.

“काका, असली चेष्टा नको हं!”

काकांनी चिखल बोटावर घेतला. चेहरा खर्रकन उतरला.

“आपली माती काळी गं. ही... आमचा पोरगा विल्फ्रेड लढाईवरून, फ्रान्सहून आला, तेव्हा त्याच्या बुटांना होती.”

टोपली तिथेच टाकून ते निघून गेले.

आत्याने शर्ट चार पाण्यांतून काढला. पाणी पांढरंच.

शेवटी ती चुलीपाशी मटकन बसली.

“ईनॉक, दमले रे मी. गेला असशील तर येऊन सांग एकदाचं. सुटेन तरी.”

इतका वेळ गिरणीची घरघर चालू होती. ती ऐकू येईनाशी झाली...

गल्लीत बूट वाजले. खेळायचे बूट.

खटक... खटक...

मागच्या दाराशी थांबले.

कडी हलली.

“उघडंच आहे,” आत्या म्हणाली. “ढकल की.”

कोणी ढकललं नाही. कडी पुन्हा हलली. हळूच.

दार चार पावलांवर. पण ती पहाटेपासून उभ्याने राबली होती, पाय उचलेनात. भीती नव्हती, हे ती शपथेवर सांगायची. नुसता थकवा. क्षणभर बसते, मग उठते, असं मनात म्हणाली...

बूट मागे फिरले.

मग मात्र ती धावली. अंगणात कोणी नव्हतं. बाहेरून कडीवर पांढरी बोटं उमटली होती.

त्यानंतर बारावा शर्ट कायम कोरडाच आला. सरकारी कागदावरचा शब्दही कधी बदलला नाही.

दार उघडं असून तो आत का आला नाही, हे मला आजही कळत नाही. आठवलं की अंगावर काटा येतो.

आत्या मात्र शेवटपर्यंत एकच बोलायची.

“तीन वर्षं वाट पाहिली गं... आणि चार पावलं टाकवली नाहीत मला.”