आरामाची दुपार

"माह्या नवऱ्यानं औषध पेलं नाही," रेणुका दारातूनच म्हणाली. "फवारता फवारता पडले ते. रंगराव खोटं बोलून राह्यला."

देऊळगाव राजात ताहेरा खासगी तपास करायची. जोडीला शंकरराव, निवृत्त हवालदार. माणूस चांगला, डोकं सावकाश.

रेणुकाचा नवरा अश्वजित सुलतानपुरात रंगरावच्या शेतात बेशुद्ध सापडला होता. शेजारी कीटकनाशकाची रिकामी बाटली. फवारणी नव्हतीच, गडी स्वतःहून प्यायला, असं रंगरावने पोलिसांना सांगितलं. डॉक्टर त्याच बाटलीवरचा इलाज करत होते आणि गुण येत नव्हता. अंगात भलतंच विष असेल तर ते आजच कळायला हवं होतं.

दवाखान्यात ताहेराने अश्वजितचे हात निरखले. रापलेल्या उजव्या मनगटाभोवती फिकट कडं होतं. तिथे हालचाल मोजणारा पट्टा असायचा, असं रेणुका म्हणाली. अजहर नावाच्या संशोधकाने मजुरांना ते पट्टे वाटले होते.

तिघं त्याच्या कचेरीत गेले. हा अजहर भलताच तोऱ्यात होता. पट्टा सगळ्यांच्या डाव्या मनगटाला असतो, त्याने ऐकवलं, आणि संगणकावर त्या दुपारची रेघ दाखवली. रेघ जवळजवळ सपाट. म्हणजे आराम.

आठवड्यापूर्वी अश्वजितने अन्नपूर्णाबाईंकडे फवारणी केली होती. ताहेराने ती दुपार काढायला लावली. तीही सपाटच. ही माणसं कामावर झोपायलाच येतात, अजहर म्हणाला. अन्नपूर्णाबाईंना फोन लावला तर त्या भडकल्याच. बांधावर बसून त्यांनी दुपारभर फवारणी पाहिली होती.

ही आरामाची रेघ आधी कोणाला दाखवलीत, असं ताहेराने विचारलं. रंगरावला, पोलीस यायच्या आधी, अजहर म्हणाला.

"मशीनच सांगतंय, मग संपलंच," शंकरराव पुटपुटले. ताहेरा रेणुका आणि अजहरलाही घेऊन रंगरावच्या शेतावर गेली.

बीटी कपाशी डोक्याएवढी उंच वाढली होती. अळी लागणार नाही म्हणून घेतलेलं बियाणं, आणि बोंडाबोंडात अळी. रंगराव खाटेवरून उठलासुद्धा नाही.

"बाईमाणसानं काऊन यावं इथं? सोताच्या डोयानं पाह्यलं म्या. लिंबाखाली बसून दुपारभर तंबाखू मळून राह्यला होता."

"दुपारभर?"

"हाव. दुसरा धंदा काय त्याले?"

ताहेरा अजहरकडे वळली. "तंबाखू उजव्या अंगठ्यानं मळतात, वरून थाप मारतात. पट्टा उजव्या हाताला होता, मनगटावर खूण आहे. तो खरंच बसला असता तर तुमची रेघ नाचली असती."

"पण मी डाव्या हाताला सांगितलं होतं," अजहर म्हणाला.

"डाव्या हातानं पंपाचा दांडा हलवावा लागतो. तिथं पट्टा आड येतो, म्हणून त्यानं उजव्याला बांधला. उजव्यात नळी. उंच कपाशीत ती घट्ट धरून चालायचं, हात झुलत नाही. म्हणून फवारणी तुम्हाला आराम वाटली. अन्नपूर्णाबाईंकडची दुपार तशीच आहे. त्याच्या कष्टाला तुम्ही झोप म्हणालात."

अजहरची मान खाली गेली. शंकररावांच्याही डोक्यात आता उजेड पडला.

"आणि रंगराव, तुम्ही ती रेघ पाहिली आणि तिला शोभेल असं खोटं रचलंत. बाटलीही तुम्हीच ठेवलीत. पंपात काय होतं?"

शंकररावांनी खाट तिरकी करून रंगरावला खाली उतरवलं.

"दोन औषधं मिसळली होती," तो शेवटी म्हणाला. "दुकानदार मिसळू नका म्हणत होता. एकानं अळी मरत नव्हती." त्याने दोन्ही नावं सांगितली. ताहेराने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. इलाज बदलायला हवा, लगेच बदलतो, असं उत्तर आलं.

रेणुका निघाली तसा रंगरावचा आवाज एकदम मऊ झाला.

"वाचला तं प्रकरण मिटवून टाकू, बाई. कोणाले सांगू नको."

रेणुका थांबली. मागे वळून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"वाचले तं ते सांगतीन. नाही वाचले तं मी सांगीन."