चिकट उंदराला अवकाशात प्रवेश नाही

"नापास," नाकोबा म्हणाला आणि त्याने आपला रबरी अंगठा उंदराच्या पाठीवरून उचलला. उचलला कसला, ओढून काढला! चट् असा आवाजसुद्धा झाला.

केतकीचं तोंड एवढंसं झालं. "अरे, आठवडा झाला रंगवून! वाळलाय तो!"

"वाळला असेल. पण चिकट आहे. शिवाय वास येतोय, आणि यानाची खिडकी उघडता येत नाही."

हा नाकोबा म्हणजे अंतराळ केंद्राने पाठवलेला तपासनीस यंत्रमानव. हंड्याएवढा बुटका, आणि हुंगायला पुढे हे लांब नळीसारखं नाक. त्याचं खरं नाव आकड्यांचं होतं. ते कोण लक्षात ठेवणार? केतकीने आल्या दिवशीच त्याचा नाकोबा करून टाकला होता.

आता हा तपासनीस पेणला, समेळांच्या गणपतीच्या कारखान्यात कशाला आला, ते ऐका. केतकीची उल्काआत्या याच कारखान्यात मूर्तींचे डोळे रेखत लहानाची मोठी झाली, आणि आता ती यान घेऊन अवकाशात निघाली होती. यानात एक मऊ खेळणं दोरीला टांगतात. ते तरंगायला लागलं, की वजनरहित अवस्था (कशाचंच वजन जाणवत नाही अशी स्थिती) सुरू झाली असं समजायचं. आत्या म्हणाली होती, "केतू, आपल्या कारखान्यातला उंदीर दे मला. मातीचा नको, फुटेल. व्हिनाइल प्लास्टिकचे कोरे उंदीर पाठवते, तू रंगव. वर गेल्यावर घरचे डोळे समोर हवेत बघ."

महिनाअखेरीस केंद्राची गाडी येणार होती. तोवर रंगवलेला उंदीर पास झाला तर ठीक, नाहीतर केंद्राकडचाच एक कोरा पांढरा उंदीर जाणार.

"बिनडोळ्यांचा उंदीर आत्यासमोर लटकणार? मुळीच नाही!" केतकी म्हणाली, आणि तिने तो चिकट उंदीर उचलून भर उन्हात ठेवला. संध्याकाळी पाहते तर काय, आगीतून फुफाट्यात! उंदीर जास्तच चिकट झालेला, पाठीवर धूळ, आणि शेपटीला एक डास अडकलेला.

"काय काय केलंत, क्रमाने सांगा," नाकोबा म्हणाला. तो लहानथोर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचा.

"मूर्तीला करतो तेच. ॲक्रिलिक रंग दिला आणि वर चकचकीत वार्निशचा स्प्रे मारला."

"मूर्ती कशाची?"

"शाडूची."

"आणि उंदीर?"

"व्हिनाइलचा. मग काय झालं?"

"तिथेच तर गोम आहे. तो कोपऱ्यातला नळाचा पांढरा पाइप आणा. तो आणि तुमचा उंदीर सख्खे भाऊ आहेत."

"काहीतरीच! पाइप कडक, उंदीर मऊ."

"भाऊच आहेत. आता दोघांवरही तोच स्प्रे मारा आणि थांबा."

केतकीने पाइपच्या तुकड्यावर आणि एका कोऱ्या उंदरावर स्प्रे मारला. दुसऱ्या दिवशी पाइप खडखडीत वाळलेला, आणि उंदीर मात्र गुळासारखा चिकट! म्हणजे दोष स्प्रेचा एकट्याचा नव्हता, आणि रंगाचा तर नव्हताच. या उंदरावर रंग दिलेलाच नव्हता. मग उरलं काय? केतकीने एका हातात पाइपचा तुकडा आणि दुसऱ्या हातात उंदीर घेऊन दोन्ही आळीपाळीने दाबून पाहिले.

"मऊपणा!" ती एकदम ओरडली. "पाइपमध्ये नाही आणि उंदरात आहे असं तेवढंच आहे. उंदराला मऊ कशाने केलं?"

"शाब्बास! पुरणपोळीची कणीक सैल कशाने होते?"

"तेलाने. आई कणीक तेलात मुरवत ठेवते."

"व्हिनाइलचे रेणू (पदार्थाचे अतिसूक्ष्म कण) लांबलचक साखळ्यांसारखे असतात. एकमेकांना घट्ट धरून बसले, की पाइप होतो. त्यांच्यामध्ये प्लॅस्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ) घातला, की साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि उंदीर होतो. पण हे तेल आत बांधलेलं नसतं. ते हळूहळू वर झिरपतं. तुमच्या स्प्रेमध्ये द्रावक (दुसरा पदार्थ विरघळवणारा द्रव) आहे. तो व्हिनाइलमध्ये शिरतो, तेलाला वर ओढतो, आणि वार्निश त्या तेलातच कालवलं जातं. मग ते नीट वाळणार कसं?"

"आणि उन्हात तेल आणखी वर आलं!" केतकीने कपाळावर हात मारला. "मीच शहाणी!"

आता उपाय सोपा वाटत होता. पाण्यातलं ॲक्रिलिक वार्निश घ्यायचं, त्यात तो द्रावक नसतो. पण केतकीचे बाबा खो खो हसले. सगळा जन्म रंगात गेलेला माणूस. "पाण्यातलं वार्निश? अगं, पाणी लागलं की धुऊन जाईल!"

केतकी गडबडली. बाबांचं म्हणणं तिला पटत होतं. तिने नाकोबाकडे पाहिलं.

"या वार्निशमध्ये प्लास्टिकचे बारीक थेंब पाण्यात वेगवेगळे तरंगत असतात," नाकोबा म्हणाला, "म्हणून ते दुधासारखं पांढरं दिसतं. पाणी उडून गेलं, की थेंब जवळ येतात, दाबले जातात आणि एकमेकांत मिसळून त्यांचा अखंड पापुद्रा होतो. एकदा मिसळलेले थेंब पुन्हा पाणी लागलं म्हणून सुटे होत नाहीत. आणि हा पापुद्रा लवचिकही असतो."

बाबांनी हसणं थांबवलं. "असं होय," एवढंच म्हणाले आणि जवळ येऊन बसले.

केतकीने नवा उंदीर घेतला. वरचं तेल जावं म्हणून साबणाने धुतला, वाळवला, आणि रंगाला पकड मिळावी म्हणून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवला. रंग दिला, डोळे काढले. इथवर सगळं झकास. पण बाईसाहेबांना घाई! एकाच दमात वार्निशचा जाडजूड थर चोपडला. वरचा भाग आधी वाळला, आतलं पाणी आतच अडकलं, आणि उंदरावर पांढुरकी धुकट साय आली. नाकोबाने उंदराचा कान दुमडला. जाड थर कुठला दुमडतोय? टिचकन त्याची एक कपची उडून टेबलावर पडली.

"नापास."

"एवढ्याशा कपचीसाठी?" केतकीचा आवाज चढला.

"इथे ती खाली पडली. वर काही खाली पडत नाही. ती तरंगत राहील, आणि कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

कुणाच्या तरी म्हणजे आत्याच्याच की! केतकीला रडू फुटलं. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "दे सोडून, बाळा. कोरा गेला तर आत्या काही रागावणार नाही."

"ती नाही रागावणार. मला नाही चालणार!" केतकीने फ्रॉकला डोळे पुसले आणि डब्यातला शेवटचा कोरा उंदीर काढला.

या वेळी तिने जिभेला आणि हाताला दोन्हींना लगाम घातला. रंगाचा पातळ हात, मग थांबायचं. पुन्हा पातळ हात, पुन्हा थांबायचं. रंग आतपर्यंत पक्का व्हायला काही दिवस जाऊ दिले. मैत्रिणी हाका मारून गेल्या, ही जागची हलली नाही. पेणची हवा दमट, म्हणून बाबांनी कोरडा दिवस निवडून दिला, तेव्हा कुठे वार्निशचा पहिला पातळ हात बसला. तो पूर्ण पारदर्शक झाल्याशिवाय दुसरा नाही.

गाडी दारात उभी राहिली, तेव्हा नाकोबा परीक्षा घेत होता. त्याने उंदीर दाबला, पिळला, कान दुमडले, ओल्या फडक्याने घासला. मग नाक लावून इतका वेळ हुंगत बसला, की केतकीला ते नाक ओढावंसं वाटलं.

"पास," नाकोबा म्हणाला.

बाबांनी केतकीला लहान बाळासारखं उचलून गरगर फिरवलं. चांगली अकरा वर्षांची घोडी, पण त्या दिवशी तिने काही कुरकुर केली नाही.

उड्डाण झालं, तेव्हा सगळा कारखाना पडद्यासमोर बसला होता. दोरी ताणलेली होती, ती सैल झाली, आणि उंदीर गिरकी घेऊन सरळ आत्याच्या तोंडासमोर आला. आत्या त्याच्या डोळ्यांकडे बघतच राहिली. तिला रडू आलं. पण वर अश्रू गालावरून ओघळत नाही, डोळ्यावरच थेंब होऊन साचतो. तिने बोटाने तो झटकला. थेंब तरंगत गेला आणि नेमका उंदराच्या डोळ्यावर बसला.

केतकी पडद्याजवळ सरकली. पाण्याने रंग सुटला तर?

आत्याने आपल्या पांढऱ्या बाहीने उंदराचा डोळा पुसला, खसाखसा पुसला, आणि बाही कॅमेऱ्यासमोर धरली. बाहीवर पाण्याचा ओला डाग होता. रंगाचा एक ठिपकाही नव्हता.

"बाबा," केतकी हळूच म्हणाली, "चंद्रावर दिवसा भयंकर ऊन आणि रात्री भयंकर थंडी. तिथे कुठलं वार्निश टिकेल हो?"

"मला काय ठाऊक?" बाबा डोळे टिपत म्हणाले. "तू शोध, मग मला शिकव."