पाच नंबरची डिस्क

जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला की ज्ञानेशला आवरणं कठीण. रविवार कारंज्याजवळच्या त्याच्या दुकानात हल्ली मोबाइलच्या काचा बदलून मिळायच्या, पण मागच्या खोलीत विंडोज ९८चं एक मशीन त्याने लेकरासारखं जपलं होतं. काय दिवस होते ते! तो आणि जयराम, दोघे भागीदार. एकाने स्क्रू काढायचे, दुसऱ्याने शिव्या द्यायच्या.

जयराम जाऊन बरीच वर्षं झाली होती. आज त्याची बायको छाया मखमलाबादहून आणलेली फुलं बाजारात देऊन थेट दुकानात आली. पिशवीतून तिने जयरामची जुनी डिस्क काढली.

"ह्यांचा आवाज हाय यात. माईक नवा आणला तेव्हा आम्ही दोघांनीच भरला होता. भाऊजी, मला आता तो आवाजच आठवत नाय. चेहरा आठवतो, आवाज नाय."

ज्ञानेशने स्टूल पुढे ओढलं. "बसा वहिनी," तो म्हणाला.

ती डिस्क मशीनला जोडायला स्कझी नावाचं जुनं कार्ड लागे, आणि ते कार्ड म्हणजे लग्नातला मानकरी व्याही. साउंड कार्डाच्या शेजारी बसवलं की रुसलंच. ज्ञानेशने त्याची जागा बदलली, फ्लॉपीवरून ड्रायव्हर घातला, कार्डाने ओळखावं म्हणून डिस्कवरच्या पिना जुळवून तिला दोन नंबर दिला आणि मशीन सुरू केलं.

कार्डाने डिस्क ओळखली. पडद्यावर नंबर आला, पाच.

पाच हा जयरामचा नंबर. हाताखालून जाणाऱ्या प्रत्येक डिस्कला तो पाचच द्यायचा. ज्ञानेशने पिना पुन्हा पाहिल्या. दोनवरच होत्या.

"जुनं कार्ड आहे, चुकतं कधीकधी," तो म्हणाला. तिला की स्वतःला, कोण जाणे.

आवाजाची फाइल एकच होती. त्याने ती लावली.

"हॅलो, हॅलो. छाया, बोल की कायतरी."

मागून तरुण छायाचं खळखळून हसणं. समोरची छाया पदर तोंडाला लावून रडत होती आणि हसतही होती. ज्ञानेशचेही डोळे भरून आले.

हसू थांबलं. फाइल संपली. स्पीकरची खरखर मात्र थांबेना.

"ज्ञाना, बूच लावलंस का?"

बूच म्हणजे केबलच्या शेवटच्या टोकाला बसवायचा अंगठ्याएवढा प्लग. तो नसला तर केबलमधून गेलेला संदेश टोकाला आपटून परत येतो. ज्ञानेश तो हमखास विसरायचा आणि जयराम हमखास हेच विचारायचा. आजही बूच टेबलावरच पडलं होतं.

"वहिनी, हे भरलं त्या दिवशी मी तुमच्याकडे नव्हतो ना?"

"नाय. दोघंच होतो."

"छाया," स्पीकर म्हणाला, "किती वाळलीस गं."

ज्ञानेशने बूच उचललं. छायाने ते त्याच्या बोटांतून काढून घेतलं.

"नका लावू, भाऊजी."

"अहो, हे एकच आहे. आता बाजारात मिळत नाही असलं."

"मग बरंच हाय." तिने मूठ मिटली. "उद्या येते म्हणावं ह्यांना."

ती गेली. ज्ञानेशने बटण बंद केलं. मग मशीनच्या वायरीची पिनही भिंतीतून उपसली.

खोली शांत झाली.

"ज्ञाना, बूच लाव रे. मला हितं थांबवत नाय."

त्याने छायाला फोन लावला. मागे माणसांचा गलका आणि घंटा ऐकू येत होत्या.

"वहिनी, बूच घेऊन या. आत्ता."

"ते गंगेत सोडलं, भाऊजी." तिचा आवाज कोवळा झाला होता, फाइलमधल्या हसण्यासारखा. "रामकुंडात. ह्यांच्या अस्थी सोडल्या तिथंच. आता कुणाला लावताच यायचं नाय."

फोन ठेवल्यावरही उपसलेली पिन त्याच्या हातात तशीच होती.

"हॅलो," स्पीकरच्या आतून आवाज आला. "लावतोस ना?"