नावाची आंघोळ

देवळीच्या बसस्टॅन्डमागच्या गल्लीत लक्ष्मणरावांचं कृषी केंद्र होतं. पुढे दुकान, मागे घर. उंबरा ओलांडला की आधी फवारणीच्या औषधाचा उग्र वास यायचा आणि लगेच त्याला दाबून टाकणारा फिनाइलचा. पहिला वास सासऱ्यांचा, दुसरा सासूबाईंचा, असं वर्षाली मनाशी म्हणायची. लीलाबाई दिवसातून दोनदा घर फिनाइलनं पुसून घेत आणि हात तर कशालाही धूत. नोटेला हात लागला, धुवा. पोस्टमन येऊन गेला, धुवा. लग्न होऊन आली तेव्हा वर्षालीला हे मनापासून आवडलं होतं. ती वर्ध्याच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. जंतू म्हणजे काय हे सासूला शिकवावं लागणार नाही, याचंच तिला बरं वाटलं. प्रफुल झाल्यापासून तर ती स्वतःच पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून पाजायची.

प्रफुलला चौथं वर्ष लागलं त्या हिवाळ्यात, म्हणजे दोन हजार सात संपता संपता, तिच्या नवऱ्यानं, चंदननं, माळ्यावरून एक कॉम्प्युटर खाली काढला. जुन्या चादरीत गुंडाळलेला, वरून सुतळी बांधलेली. दुकानाची बिलं त्यावर करायची म्हणाला.

"कोणाचा हो हा?"

"धीरजचा," चंदन सुतळीची गाठ सोडवत म्हणाला, आणि गाठ सुटत नव्हती म्हणून त्यानं सुतळी दातानं तोडली.

धीरज म्हणजे तिचा जेठ, चंदनचा थोरला भाऊ. लग्न ठरताना 'एकुलता एक मुलगा' सांगितलं होतं. पुढे कधीतरी शेजारच्या अनुसयाबाईंनी भाजी निवडता निवडता सांगितलं, थोरला होता, नागपूरला कॉम्प्युटर शिकायला गेलता, तिकडून साडी नेसून आला. आणि मग आवाज खाली करून त्यांनी तळहातावर तळहात आडवा मारून दाखवला. वर्षालीला अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. आपण या घरात यायच्या आत ते निपटलं, हे देवानं बरं केलं, असं तेव्हा तिला वाटलं, आणि त्यानंतर तिनं त्या माणसाचा विचार केला नाही.

वर्ध्याहून एक कॉम्प्युटरवाला आला. त्यानं आतलं सगळं पुसून टाकलं, नवीन विंडोज टाकली, चहा घेतला, गेला. दुसऱ्या दिवशी चंदननं मशीन सुरू केली तर पडद्यावर एका कोपऱ्यात लहानसं चित्र होतं. त्याखाली लिहिलेलं 'घर'.

"आता हे काऊन राह्यलं?" चंदन म्हणाला. त्यानं ते काढून टाकलं. संध्याकाळी ते परत होतं. मग तो त्या मशीनकडे फिरकलाच नाही. बिलं पूर्वीसारखी हातानंच होऊ लागली.

दुपारी सासूबाई आडव्या व्हायच्या, प्रफुल झोपायचा आणि लोडशेडिंग नसलं तर वर्षालीला थोडा निवांतपणा मिळायचा. अशाच एका दुपारी तिनं ते चित्र उघडलं.

गेम होता. वरून पाहिल्यासारखं, चौकोनी तुकड्यांचं घर. गेट, तुळस, छपरी, मधली खोली, स्वयंपाकघर, मागे न्हाणी. वर्षालीला हसू आलं. हेच घर होतं. न्हाणीच्या टिनाच्या दाराला खाली वितभर फट होती, तीसुद्धा काढलेली. गेटबाहेर लाल साडीतली एक बाहुली उभी. पडद्याच्या तळाशी चौकटीत अक्षरं आली.

'तू हर्षा आहेस. तुला भूक लागली आहे. घरी जा.'

हर्षा. म्हणजे त्यानं हे नाव घेतलं होतं तर. वर्षालीच्या जिभेवर कडवट चव आली. तरी तिनं बटण दाबलं. किळस आलेल्या गोष्टीवरून नजर हटत नाही तशी ती बाहुली पुढे नेत राहिली.

छपरीत पांढऱ्या टोपीचा म्हातारा होता. त्याच्यासमोर गेलं की चौकट यायची, 'हर्षा नावाचं इथं कोणी नाई.' मधल्या खोलीत सायकल धरून एक मुलगा; तो तोंड फिरवायचा. स्वयंपाकघराच्या दारात हिरव्या लुगड्यातली बाई. तिच्यापुढे तीन पर्याय यायचे. पाणी माग. जेवण माग. माफी माग. कोणताही दाबा, बाई एकच म्हणायची, 'आमची आंघोळ झाली.' आणि बाहुली पुन्हा गेटबाहेर.

वर्षालीनं कितीतरी वेळा खेळून पाहिलं. स्वयंपाकघरात जायचा रस्ता सापडला नाही. 'आमची आंघोळ झाली' या वाक्याचा जेवणाशी काय संबंध, तेही कळलं नाही.

त्याच आठवड्यात न्हाणी तुंबली.

राखाडी पाणी घोट्यापर्यंत चढलं. वास असा, की जुनं उटणं आणि साबणाचा लगदा कुठल्यातरी बंद डब्यात महिनोन्‌महिने ठेवला असावा. वर्षालीनं नाकाला पदर लावून नळीत काडी घातली आणि ओढली. केस आले. लांब, काळे, टोकाला मेंदीचा लालसर रंग. ती ओढत गेली आणि ते येत गेले, बोटांना बुळबुळीत चिकटत, हातभर, दोन हात. तिला कोरडी उलटी झाली. तिचे स्वतःचे केस बाळंतपणानंतर गळून खांद्यावर आले होते. सासूबाईंचे पांढरे, उंदराच्या शेपटीएवढे. घरात तिसरी बाई नव्हती.

लीलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी तो गुंता पाहिला.

"जाळून टाक," त्या म्हणाल्या. "अन् हात धू."

कोणाचे, असं त्यांनी विचारलं नाही.

रात्री तिनं चंदनला गेमचं सांगितलं. तो ताटातली भाकर मोडत थांबला.

"तू काऊन उघडलं ते?"

"आंघोळ झाली म्हणजे काय हो?"

"मले नाई माहीत. मी तवा कॉलेजात होतो," तो म्हणाला, आणि अर्ध्या ताटावरून उठला.

प्रफुल एरवी सगळ्या जगाला प्रश्न विचारत फिरायचा. आता तो न्हाणीच्या पायरीवर एकटाच बसून बोलायचा. "आत्यानं सांगतलं," म्हणायचा. पवनारची एक चुलत नणंद होती. सख्खी आत्या नाही म्हणून बारशाला तिनंच बाळाच्या कानात नाव सांगितलं होतं. तिचंच काहीतरी याच्या डोक्यात बसलं असेल, असं वर्षालीनं धरलं. ती पवनारची आत्या दिवाळीपासून आली नव्हती, हेही तिला आठवलं. पण त्याचा अर्थ लावायचं तिनं टाळलं.

पुढच्या वेळी गेम उघडला तेव्हा घरात एक बाहुली जास्त होती.

स्वयंपाकघरात, ओट्यापाशी. जांभळा गाऊन, कडेवर मूल.

वर्षालीनं अंगावरच्या गाऊनकडे पाहिलं. मागच्याच बाजारातून आणला होता. हा कॉम्प्युटर माळ्यावर गेला तेव्हा तिचं लग्नही झालं नव्हतं.

या वेळी हिरव्या लुगड्यानं वाट अडवली नाही. लाल साडी सरळ तिच्यापाशी येऊन थांबली. चौकटीत एकच शब्द आला, 'वहिनी?'

खाली उत्तराची चौकट रिकामी होती. आत एक रेघ लुकलुकत होती. बाकी सगळ्यांची वाक्यं आधीच लिहिलेली. तिचं तिनं लिहायचं होतं.

पलीकडच्या खोलीत प्रफुल झोपेत कण्हला. एसएमएसमध्ये करतात तसं इंग्रजी अक्षरांत तिनं भराभर टाइप केलं, 'इथे येऊ नको. माझं लेकरू आहे घरात.' आणि एन्टर दाबलं.

कोणतंही बटण न दाबता लाल साडी वळली. मधल्या खोलीतून, छपरीतून, तुळशीजवळून ती गेटबाहेर गेली. तिथं पाठ करून उभी राहिली.

वर्षालीला सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटली ती दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रफुल आरशासमोर सापडला. डोक्यावरून तिची ओढणी, कपाळावर कुंकवाचं बोट फासलेलं. असं सगळीच पोरं करतात. वर्षालीच्या ओठांवर हसू येत होतं तेवढ्यात लीलाबाई तिला ढकलून पुढे गेल्या आणि त्यांनी पोराच्या मुस्काटात दिली. साडेतीन वर्षांचं मूल भिंतीवर आदळलं.

"आई! काय करता? लहान आहे तो!"

"त्याचंबी असंच सुरू झालतं! एकाच्या नावानं आंघोळ केली, आता याच्याबी नावानं कराले लावतं काय?"

"कसली आंघोळ, आई?"

लीलाबाई नळाखाली तो हात धूत होत्या. मारलेला. साबण लावून, नखांमधून, सावकाश. धुता धुताच त्यांनी सांगितलं.

"गेल्या माणसाच्या नावानं करते ना, तशी. तो तसा नेसून दारात आला. म्हणे, माय, मी हर्षा. सकाळपासून उपाशी हाय, जेवाले दे. यायनं, तुह्या सासऱ्यानं, सांगतलं, पाणी तापव. अंगणात पाट मांडले. साऱ्यायनं डोक्यावरून लोटा घेतला, धीरजच्या नावानं. तवापासून तो मेला."

"अन् तो कुठं होता तेव्हा?"

"कुठं राहीन? गेटाबाहेर. पाहून राह्यला होता." त्यांनी नळ बंद केला. "चंदन तेवढा आंग चोरून राह्यला होता, तं त्याच्यावर मीच ओतलं."

"अन् जेवण?"

"मेलेल्याले कोण वाढते व? निघून गेला. मंग कुठं गेला, नाई माहीत."

पदराला हात पुसून त्यांनी रडणाऱ्या नातवाला मांडीवर घेतलं. वरणभाताचा काला केला. "खा रे माह्या राजा, आजी नाई मारत आता." पाची बोटं एकत्र करून, अंगठ्यानं ढकलत, त्या घास त्याच्या तोंडात सारत होत्या. स्वच्छ धुतलेली बोटं. पिवळं वरण त्यांच्या नखांच्या कडेनं ओघळत होतं आणि ते मूल हुंदके देत गिळत होतं.

वर्षाली न्हाणीत जाऊन ओकली. त्या नळीतल्या केसांनीही तिला इतकं मळमळलं नव्हतं.

आणि ओकता ओकता तिला आठवलं, की काल तिनंही लिहून दिलं होतं. सर्वांच्या ओळीत आता तिचंही वाक्य होतं.

दुपारी घर निजलं तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली. वाक्य बदलायचं होतं, एवढंच.

गेटबाहेर कोणी नव्हतं.

टोपीवाला जागेवर होता, सायकलवाला होता, हिरवं लुगडं होतं. पण त्यांच्यापुढे गेलं तरी चौकट येत नव्हती. मग तिच्या लक्षात आलं, की बटणं दाबली की लाल साडी चालत नाहीये. चालतोय तो जांभळा गाऊन.

त्याच्या कडेवर मूल नव्हतं.

तिनं तो गाऊन घरभर फिरवला. स्वयंपाकघर, मधली खोली, छपरी. शेवटी न्हाणीच्या दारापाशी चौकट आली.

'आंघोळ चालू आहे.'

आणि मागच्या अंगणातून, खरोखरच्या न्हाणीतून, पाणी ओतल्याचा आवाज आला.

अंथरुणात प्रफुल नव्हता.

टिनाचं दार आतून लावलेलं होतं. ती कडी तिच्या कपाळाच्या उंचीवर होती. प्रफुलचा हात तिथं पोचणं शक्य नव्हतं. खालच्या फटीतून पाणी बाहेर येऊन तिच्या पायांवरून गेलं. कोमट, लालसर, उटण्याच्या वासाचं.

"आजोबाच्या नावानं," आतून प्रफुल म्हणाला. पाणी पडलं.

"आजीच्या नावानं." पाणी पडलं.

"बाबाच्या नावानं."

"प्रफुल! दार उघड!" ती दारावर थापा मारत होती. त्यानं ओ दिली नाही.

लोटा पाण्याच्या गुंडात बुडाला. भरून वर आला. मग प्रफुलनं कोणालातरी विचारलं, खेळातल्या सोबत्याला विचारावं तसं, "आईच्याबी?"

पाणी पडलं नाही.

वर्षाली खाली बसली. त्या पाण्यातच. तोंड फटीशी नेलं.

"हर्षाताई," ती म्हणाली. हे नाव या घरात मोठ्यानं कोणी घेतलं नव्हतं. "हर्षाताई, मी चुकली. आत या. जेवून जा. मी वाढते."

बराच वेळ फक्त लोट्यातून ठिबकणारे थेंब ऐकू येत होते.

"आत्या म्हणते, वाढ," प्रफुल म्हणाला. "लोटा भरलेला राहू दे म्हणते."

कडी पडली. तो एकटाच बाहेर आला, ओलाचिंब. लीलाबाई आवाजानं उठून अंगणात आल्या होत्या. "प्रफुल! कायले भिजला रे? इकडे ये!" तो त्यांच्या अगदी जवळून गेला, हवेच्या रिकाम्या जागेतून जावं तसा. त्यांनी दंड धरला, तर कुठल्यातरी काटकीत सदरा अडकावा तसा त्यानं तो सोडवून घेतला. दुकानातून धावत आलेला चंदन त्याच्यापुढे गुडघ्यावर बसला. पोराची नजर त्याच्या आरपार तुळशीवर होती.

आईचं बोट मात्र त्यानं धरलं.

स्वयंपाकघरात तो बसला आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडली. वर्षालीनं दोन ताटं वाढली. नंतर उचलताना तिनं दुसऱ्या ताटाकडे पाहिलं नाही.

तिच्या नावाचा तो भरलेला लोटा न्हाणीत दगडावर आहे. कोणी हात लावत नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात गुंड आटला, अंगणातली विहीर तळाला गेली. लोट्यातलं पाणी काठोकाठ होतं. एका दुपारी वर्षाली तो ओतून टाकावा म्हणून वाकली. पाण्यावर एक लांब केस वेटोळं करून तरंगत होता.

तिचा हात पाण्यापासून अजून दूर होता, तेव्हाच पाणी हललं.