दोन्ही टाकले ना?

ही गोष्ट खरी आहे. ज्याला हसायचं असेल त्याने इथूनच मागे फिरावं, माझी समजूत काढायला येऊ नये.

मी भारत. बदनापूरला स्टेशनच्या रस्त्यावर माझं गॅरेज आहे. घडलं ते मागच्या वैशाखात, मंगळवारी. आणि रात्री नाही... भर दुपारी, बाराच्या सुमाराला.

लाईट गेलेली होती. कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद.

घनसावंगीकडचे राधेश्याम एक इंजिन घेऊन आले. टू-स्ट्रोक. एटीव्हीचं, म्हणजे त्या चार जाड चाकांच्या बाईकचं.

मी ते बघताच ओळखलं.

ते त्यांच्या धाकट्या भावाचं, आदिनाथचं होतं. मोसंबीच्या बागेत फवारणीची टाकी ओढायला त्याने ती गाडी जुनी घेतली होती. माघात कालव्याच्या भरावावरून जाताना इंजिन अचानक जाम झालं. चाकं जागीच अडकली, गाडी उलटली. आदिनाथ खाली सापडला, तो उठलाच नाही.

"भारतभाऊ, उघडून सांगा," राधेश्याम म्हणाले. "पेट्रोलमदी ऑईल व्हतं का न्हाई, येवढंच. त्या दिवशी पेट्रोल तृप्तीनं भरल्तं. ऑईल टाकायचं इसरली अन् नवरा खाल्ला तिनं. धावड्याला माहेरी धाडलंय तिला. पोरगी आमच्याकडंच ठेवून घेतली. तुमी सांगा, मंग कायमचाच निकाल लावतो."

तृप्ती म्हणजे आदिनाथची बायको.

टू-स्ट्रोकला ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. ते विसरलं की आतलं सगळंच कोरडं पडतं. पिस्टन, क्रँकच्या दांड्याच्या दोन्ही टोकांची बेरिंग, सगळं. पण एकच बेरिंग गेलेलं असेल आणि बाकी सगळं तेलकट असेल, तर दोष ऑईलचा नाही. त्या बेरिंगचा.

आणि ते बेरिंग बसवलं होतं कुणी?

मी.

दिवाळीच्या आधी आदिनाथ हेच इंजिन घेऊन आला होता. क्रँकची दोन्ही बेरिंग बदलायची होती. जालन्यात एकच मिळालं. तो घाईत, मी त्याच्याहून घाईत. मॅग्नेटच्या बाजूला नवं टाकलं. क्लचच्या बाजूचं जुनंच पेट्रोलने धुतलं, बोटावर फिरवलं, आवाज येईना म्हणून परत बसवून दिलं.

"दोन्ही टाकले ना?" त्याने विचारलं होतं. एकदा नाही, तीनदा.

"बिलकुल. दोन्ही नवे," मी म्हणालो होतो.

राधेश्याम चहा प्यायला समोर गेले. मी एकटाच राहिलो.

माझे उस्ताद गयासोद्दीन इंजिन उघडायच्या आधी ते चालू ठेवायचे, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्याच्यावर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे. कुठलं बेरिंग गेलंय ते तसं ऐकू येतं. "आदमी झूठ बोलता बेटा, बेरिंग नै बोलती," असं म्हणायचे. बंद पडलेल्या, जाम इंजिनाला काय ऐकायचं? पण सवय वाईट. मी पेचकस लावला.

खर्र... खर्र... खर्र...

मी क्रँकला हात घातला. तो तसूभरही हलेना.

पेचकस काढला... शांत.

लावला...

खर्र.

मी घाईघाईने इंजिन उघडलं. ऑईलचा वास भपकन नाकात शिरला. पिस्टन तेलकट. मॅग्नेटकडचं बेरिंग बोटावर अलगद फिरलं. क्लचकडच्याचा गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटून गोळ्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या.

तृप्ती विसरली नव्हती. तिने ऑईल बराबर टाकलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं... बाहेरचा आवाजच येत नाहीये. समोरून मालगाडी जात होती. डबे दिसत होते, एकामागून एक. आवाज मात्र नव्हता.

आणि डाव्या कानात, पार आतून...

"दोन्ही... टाकले... ना?"

पेचकस कानाला नव्हताच. तो टेबलावर पडला होता.

राधेश्याम परत आले. "काय निघालं?"

खरं सांगितलं असतं तर त्यांनी मला तिथेच तुडवलं असतं. गॅरेज गेलं असतं ते वेगळंच. मी घाबरलो. माझी मलाच लाज वाटते आज, पण तेव्हा तोंडातून तेच निघालं.

"ऑईल न्हवतं."

त्यांच्या पाठीमागे टेबलावर ते जाम झालेलं बेरिंग... हळूच... एक फेरा फिरलं. त्यांनी पाहिलं नाही.

त्या दिवसापासून डावा कान तसाच आहे. उशीला टेकवला की खर्र. एसटीच्या खिडकीला टेकवला की खर्र. आणि मध्येच तो प्रश्न. जालन्याचे कानाचे डॉक्टर म्हणतात, कानाला काहीच झालेलं नाही.

शेवटी धावड्याला गेलो. तृप्ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी समोर उभा राहून सगळं ओकून टाकलं. वाटलं रडेल, शिव्या देईल, चप्पल काढेल.

तिने मान वर केली नाही.

"मला ठाव हाये," ती म्हणाली. "हे रोज सांगून राह्यलेत."

'हे' म्हणजे कोण, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

"मला सांगून काय फायदा? माझी पोर, शालू, तिकडं हाये. घनसावंगीला जाऊन माझ्या सासूम्होरं बोला." शेंगा फोडणारे हात थांबले. "जल्दी करा भाऊ... लई चिडलेत ते तुमच्यावर."

त्याला आज एकवीस दिवस झाले.

मी गेलो नाही. रोज निघतो आणि स्टँडवरूनच परत येतो. मग काल रात्री म्हटलं, इथे लिहून टाकावं. हजारो लोक वाचतात. लिहिलं म्हणजे सांगितल्यासारखंच झालं की.

तसं धरलं जात नसावं.

कारण कालपर्यंत ते एकाच कानात होतं.

आज सकाळपासून... दोन्ही.