खारीचा घोट

“ताई, ही घे तुझी कमाई!” असं म्हणून धाकट्या भावाने ताईच्या तळहातावर कागदाची पुडी ठेवली. पुडीत आठ इवलेसे दात होते... किडून काळे पडलेले, त्याच्या सहा वर्षांच्या लेकीचे! आजवर शेकडो मुलांचे दात काढणाऱ्या या डॉक्टर भावाला आज पोटच्या पोरीचेच दात काढावे लागले होते.

ताईला टीव्हीवरची सरबताची जाहिरात आठवली. जाहिरातीतल्या त्या लाडिक खारीचा आवाज तिचाच! “आ कर राजा, एक घोट तुझा, एक घोट माझा,” असं म्हणत खार गोड सरबताची बाटली उचलायची, आणि भाची “आत्या सांगतेय ना!” म्हणून बाटल्यांमागून बाटल्या रिचवायची.

“पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस,” भाऊ म्हणाला.

याच भावाला वाढवण्यासाठी स्वतःला आलेली दोन स्थळं परतवून लावणारी ताई मुकाट्याने चपला घालून निघाली. राग येणार तरी कुणाचा? ‘तुझी कमाई’ म्हणाला, ते खरंच होतं.

चार महिन्यांनी सरकारी सुनावणी होती : मुलांना भुलवणाऱ्या अशा जाहिरातींवर बंदी घालावी की नाही? भाऊ लेकीला घेऊन पहिल्याच रांगेत बसला होता. कंपनीचे वकील म्हणाले, “नाही म्हणायला आईबाप आहेत ना? सरकारने कशाला लुडबुड करायची?”

मग ताई उठली. भावाने मान फिरवली... कंपनीची बाजू मांडायला आली, असंच त्याला वाटलं असणार!

“मला वाद घालता येत नाही,” ती म्हणाली. “नुसतं ऐका.” आणि तिने खारीचा आवाज काढला. “आ कर राजा...”

भाचीने झटकन तोंड उघडलं. लोक हसले, आणि एकाएकी गप्प झाले, कारण शेजारी बसलेल्या तिच्या चाळीस वर्षांच्या बापाचंही तोंड उघडलं होतं!

ताईने भावाकडे बोट दाखवलं. “आई गेल्यावर हा दूध पीत नव्हता. चौदा वर्षांची होते मी... त्याच्यासाठी शोधला हा आवाज. या आवाजाला नाही म्हणायला तो अजून शिकला नाही. आणि मी तोच विकला! आईबाप एकदा नाही म्हणतात, साहेब, खार दिवसातून वीसदा बोलावते. कायदा करा. मी तर हा आवाज माईकसमोर पुन्हा काढणार नाही.”

“कुठलाही स्टुडिओ आता तुम्हाला दारात उभं करणार नाही,” वकील म्हणाले.

“ठाऊक आहे.”

बाहेर बाकावर ती डोळे मिटून बसली होती. घसा कोरडा पडला होता. कुणीतरी पाण्याचा पेला ओठांशी धरला.

“आ कर ताई...” भावाचा आवाज चिरकत होता. “एक घोट तुझा... मी दातांचा डॉक्टर, मलाच पोरीला नाही म्हणता आलं नाही गं! राग माझ्यावरच होता, काढला तुझ्यावर.”

ताईने डोळे पुसत अर्धं पाणी प्यायलं आणि उरलेलं त्याच्यापुढे धरलं.

“शी बाबा! खार अशी नसते बोलत,” भाची बोळकं पसरून हसली. “आत्या, तू दाखव ना!”

“घरी गेल्यावर दाखवेल,” भाऊ म्हणाला.

“घरी?” ताईने हळूच विचारलं.

त्याने पेला रिकामा केला. तिची पिशवी उचलून स्वतःच्या खांद्याला लावली आणि दुसरा हात तिच्यापुढे केला.