‘आम्ही’ गेलं कुठे?

“देवयानीताई, ‘आम्ही’ चोरीला गेलंय!”

फोनवर संग्रामचा आवाज चढलेला होता. देवयानी कोर्टाच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून डब्यातली पोळीभाजी खात होती.

“कोण आम्ही?”

“अहो, शब्द! बॅनरवरचा. कुणीतरी कापून नेलाय. तुम्ही लगेच लायब्ररीत या. चारला प्रोग्रॅम आहे.”

देवयानी अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावाच्या आसपासच्या कोर्टांत मराठी दुभाषी होती. साक्षीदार मराठीत बोलायचा, ती ते इंग्रजीत सांगायची. कोण थापा मारतंय हे तिला बऱ्याचदा न्यायाधीशाच्या आधी कळायचं, पण ते बोलून दाखवायची सोय नव्हती. नवरा गेल्यापासून घरी तिच्याशी बोलणारं कोणी नव्हतं. त्यामुळे मराठी मंडळाच्या भानगडी निस्तरायला ती धावत जायची, आणि वर ‘काय कटकट आहे’ असंही म्हणायची.

लायब्ररीचा हॉल खुर्च्यांनी भरला होता, माणसांनी अजून नाही. आज अमेरिकेचा संविधान दिन. स्टेजवर भलंमोठं कापडी बॅनर टांगलं होतं. त्यावर संविधानाच्या प्रस्तावनेचं मराठी भाषांतर, संग्रामच्या बायकोने, आश्लेषाने, महिनाभर खपून रंगवलेलं. पहिली ओळ होती, ‘आम्ही, संयुक्त संस्थानांचे लोक’. आता ‘आम्ही’च्या जागी चौकोनी भोक होतं आणि त्यातून मागची भिंत दिसत होती.

“अतुलने केलंय,” संग्राम म्हणाला. तो मंडळाचा अध्यक्ष होता आणि आज तसाच वागत होता. “बॅनर लायब्ररीच्या ग्रँटमधून केलंय. मॅनेजर म्हणाली, तीनपर्यंत कोणी केलं ते सांगा, नाहीतर पोलिसांना कळवते. मी त्याचं नाव देणार.”

अतुल कोपऱ्यात उभा होता. उन्हाळ्यात त्याची नोकरी गेली होती. कशीबशी दुसरी मिळाली, पण तिथलं बॅकग्राउंड चेक अजून चालू होतं.

“ताई, पोलीस रिपोर्टमध्ये नाव आलं तर ऑफर गेली. ऑफर गेली की व्हिसा गेला. मला सगळं आवरून परत जावं लागेल, यार... सॉरी, ताई.”

“तू कापलंस?”

“नाही.”

“मग तुझंच नाव का घेतात?”

“मीटिंगमध्ये मी भांडलो होतो. मला ‘आम्ही’ नको होतं, ‘आपण’ हवं होतं. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’मध्ये तोही येतो.”

“आणि मी म्हटलं, ‘आम्ही’च बरोबर,” आश्लेषा म्हणाली. “फिलाडेल्फियात ज्यांनी हे लिहिलं त्यांच्या ‘वी’मध्ये गुलाम कुठे होते? बायकांना तरी कोणी विचारलं? खोलीत होते ते आम्ही, बाकीचे दाराबाहेर. हाच इतिहास आहे. शिवाय आपल्या भारताच्या संविधानातही ‘आम्ही’च आहे.”

“ही मीटिंग कुठे झाली?”

“आमच्या घरी.”

देवयानीला ही अडचण रोजची होती. ‘आम्ही’ काय, ‘आपण’ काय, कोर्टात दोन्हीचं एकच ‘वी’ करावं लागे, आणि कोण आत नि कोण बाहेर ते तिथेच हरवून जाई. तिला दर वेळी हळहळ वाटायची.

“चहा घेणार का गं?” मागून आवाज आला. संग्रामची आई, मीनाक्षीकाकू, थर्मास घेऊन उभ्या होत्या. काकांच्या मागे कोल्हापूरचा फ्लॅट विकून त्या वर्षापूर्वी इकडे आल्या होत्या. “कोर्टातनं सरळ आलीस ना? घे थोडा.”

“आई, नंतर,” संग्राम म्हणाला. काकू निमूटपणे मागच्या रांगेत जाऊन, पर्स मांडीवर धरून बसल्या.

देवयानी स्टेजवर चढली. भोकाच्या कडेवरून तिने बोट फिरवलं आणि चष्मा लावून पुन्हा पाहिलं. कड आत दुमडून, शर्टाच्या काजाला घालतात तसे बारीक टाके घातले होते. एकही दोरा सुटलेला नव्हता.

“आश्लेषा, हे तू शिवलंस?”

“मी? मी बटणसुद्धा बाहेर लावून आणते.”

“बॅनर गुंडाळलं कधी?”

“शनिवारी रात्री, रंग वाळल्यावर. तेव्हा सगळं ठीक होतं. रोल करून ट्यूबमध्ये घातलं आणि घरच्या हॉलमध्ये ठेवलं.”

“आणि रविवारी?”

“रविवारी आम्ही गाडी काढून दिवसभर लेक जिनिव्हाच्या तळ्यावर गेलो होतो,” संग्राम म्हणाला. “घरी कोणी नव्हतं. संध्याकाळी आलो तर हा दारात हजर. खरं तर सोमवारी नेणार होता, पण म्हणाला आत्ताच नेतो. तेव्हापासून ट्यूब याच्याकडेच. बघा, सरळ आहे ना?”

“लवकर का नेलीस?”

“सोमवारी नव्या ऑफिसने कागदपत्रं घेऊन बोलावलं होतं म्हणून,” अतुल म्हणाला. “मी उघडलीसुद्धा नाही, ताई. आज इथेच उघडली.”

“हात दाखव बघू.”

अतुलने गोंधळून दोन्ही हात पुढे केले. उजव्या बाहीचं बटण तुटलं होतं आणि बाही चक्क स्टेपलरच्या पिनांनी बंद केली होती. इतक्या वेळात पहिल्यांदाच देवयानीला हसू आलं. मग तिला संग्रामचं एक वाक्य आठवलं आणि ते हसू मावळलं.

ती स्टेजच्या पायरीवर बसली. हे बोलावं की नाही, असं तिला क्षणभर वाटलं. पण पोराची नोकरी टांगणीला लागली होती.

“अतुलने हे केलेलं नाही,” ती म्हणाली. “जो बाही स्टेपल करतो, त्याच्या हातून हे टाके पडणं शक्य नाही. आणि रागाने कापणारा माणूस कड शिवत बसेल का? ज्याने कापलं त्याला आश्लेषाच्या कामाची काळजी होती, कापड उसवू नये अशी इच्छा होती. त्याला सुईदोरा येत होता आणि निवांत अख्खा दिवस मिळाला होता. तुमचा ‘आम्ही’-‘आपण’चा वादही त्याने ऐकला होता. म्हणजे हे तुमच्याच घरात, रविवारी झालं.”

“पण सांगितलं ना, रविवारी घरी कोणी नव्हतं!”

“संग्राम, काकू होत्या का तुमच्याबरोबर लेकवर?”

“नाही. आई घरीच...”

आश्लेषाने मान खाली घातली. मागच्या रांगेत पर्सची चेन उघडल्याचा आवाज झाला.

काकू पुढे आल्या. त्यांच्या हातात कापडाचे दोन तुकडे होते. एकावर आश्लेषाच्या वळणदार अक्षरातलं ‘आम्ही’, आणि दुसऱ्यावर, तेवढ्याच मापात, निळ्या दोऱ्याने भरलेलं ‘आपण’.

“हे तिथं लावायचं होतं,” त्या म्हणाल्या. “भरून होईतो संध्याकाळ झाली, म्हणून बॅनर परत ट्यूबमध्ये ठेवलं. सोमवारी सकाळी लावणार होते. हा रविवारीच ट्यूब घेऊन गेला.”

“आई, पण का?” संग्रामचा आवाज आता अध्यक्षाचा राहिला नव्हता.

“मीटिंगला मी ट्रे घेऊन दारात उभी होते. हिनं म्हटलं, खोलीत होते ते आम्ही, बाकीचे दाराबाहेर. मला एकदम लख्ख कळलं रे. वर्षभर ऐकतेय. आम्ही बाहेर जातोय आई, आम्हाला उशीर होईल आई, फ्रिजमध्ये सगळं आहे आई. तुम्ही वाईट वागत नाही, जेवलीस का विचारता. पण तो शब्द मला टोचायला लागला. इथं एवढ्या मोठ्या अक्षरात नको वाटला.”

“मग सकाळपासून बोलली का नाहीस? अतुलचं नाव...”

“तीन वाजायच्या आत सांगणारच होते. कुणी विचारतंय का, म्हणून वाट बघत होते.”

आश्लेषा पुढे झाली. तिने तो निळा तुकडा उचलून भोकावर धरला. माप तंतोतंत होतं.

“आई, सुई आणलीय?”

“पर्समध्ये आहे.”

“मग लावा. मी कापड ताणून धरते.”

संग्राम मॅनेजरकडे गेला. बॅनरची दुरुस्ती घरचीच होती आणि चूकही घरचीच, असं तो तिला म्हणाला. पोलिसांचा विषय तिथेच संपला. परत येऊन त्याने अतुलचा हात धरला, पण माफी मागताना त्याची नजर आईच्या सुईवर होती. अतुल मटकन खुर्चीत बसला आणि त्याने थर्मासमधला गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

प्रोग्रॅम झाला. लोक ‘आपण’ला हात लावून बघत होते, फोटो काढत होते. संग्रामची लेक अनया आजीला म्हणाली, “आजी, धिस इज सो कूल, मला शिकवशील?” काकूंना त्यातलं ‘शिकवशील’ तेवढं कळलं आणि तेवढं पुरेसं होतं.

निघताना संग्रामने आईचा कोट धरला. दाराशी पोचल्यावर काकू वळल्या.

“बरं का देवयानी,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. “येतो हं आम्ही.”

व्याकरण अचूक होतं. काकू आता त्या शब्दाच्या आत होत्या आणि देवयानी बाहेर. तिला खरंच आनंद झाला, आणि दार बंद होईपर्यंत ती हात हलवत राहिली.

तिने उरलेल्या खुर्च्या अतुलबरोबर भिंतीला लावल्या आणि तो गेल्यावर पार्किंगमध्ये आली. गाडीत शेजारच्या सीटवर दुपारचा अर्धवट खाल्लेला डबा तसाच होता.

“चला, निघू या आपण,” ती रिकाम्या गाडीला म्हणाली आणि तिने सीटबेल्ट लावला.